हरलेल्या फिर्यादीचं पुस्तक

'मॅलियस मॅलेफिकारम' मी तिसऱ्या भागापासून वाचायला घेतलं. आयुष्य कोर्टात गेलेल्या बाईला ते साहजिकच वाटावं. चेटकिणी असतात की नसतात याचा खल पहिल्या भागात आहे. त्या काय काय करतात याची वर्णनं दुसऱ्यात आहेत, गारा पाडण्यापासून पुरुषांना नामर्द करण्यापर्यंत. तिसऱ्या भागात मात्र कामाचं बोलणं आहे: खटला कसा उभा करायचा, साक्षीदार किती हवेत, आरोपीला वकील द्यायचा का, कबुली कशी काढायची, निकाल कोणत्या शब्दांत लिहायचा. पाचशे वर्षांपूर्वीची ती फौजदारी प्रक्रिया संहिताच आहे, आणि लिहिणाऱ्याला कोर्टाचा चांगला अनुभव होता हे पानोपानी दिसतं. मला जाणवलं ते याहून वेगळं. हा माणूस कुठेतरी खटला हरलेला आहे, आणि हरलेला फिर्यादी जसा वर्षानुवर्षं मनात कलमं घोळवत राहतो, तसं त्याने लिहिलं आहे.

माझी प्रत म्हणजे अमेरिकेत निघालेलं स्वस्त पुनर्मुद्रण. इंदूरच्या खजुरी बाजारात पीएससीच्या गाइडांच्या थप्पीखाली ते सापडलं. मुखपृष्ठ पाहून दुकानदाराने ते जादूटोण्याचं समजून बाजूला टाकलं होतं. 'वकीलसाहिबा, आप ये पढ़ेंगी?' असं त्याने विचारलंही. देवास जिल्ह्यातल्या हाटपिपल्यात आणि बागलीच्या कोर्टात मी 'डाकण', म्हणजे चेटकीण, हा शब्द इतक्या वेळा ऐकला होता, की त्याचा युरोपातला कायदा कसा होता ते बघावंसं वाटलं.

लेखकाचं नाव हाइनरिख क्रामर. तो डोमिनिकन पंथाचा साधू आणि धर्मन्यायाधीश होता. ५ डिसेंबर १४८४ रोजी पोप आठव्या इनोसंटने एक फर्मान काढून क्रामर आणि याकोब श्प्रेंगर या दोघांना जर्मन मुलखात चेटकिणींचे खटले चालवायचा अधिकार दिला. ते फर्मान घेऊन क्रामर १४८५ मध्ये आल्प्स डोंगरातल्या इन्सब्रुकला आला. तिथे त्याने चर्चमधून प्रवचनं दिली, लोकांना तक्रारी द्यायला लावल्या आणि सात बायकांवर खटला उभा केला. त्यांतली हेलेना शॉयबेरिन ही चांगल्या घरातली, तोंडाची फटकळ बाई. ती त्याच्या प्रवचनांना जात नसे आणि लोकांनाही जाऊ नका म्हणे. एकदा रस्त्यात त्याच्या दिशेने थुंकून तिने त्याला शिव्याशापही दिले होते. एका सरदाराच्या मृत्यूचा आळ तिच्यावर आला.

२९ ऑक्टोबरला सुनावणी झाली. क्रामरने हेलेनाला पहिल्यापासून तिच्या चारित्र्याविषयी विचारायला सुरुवात केली: लग्नाआधी कोणाशी संबंध होते, कुमारी होतीस का. बिशपच्या वतीने बसलेला ख्रिस्टियान टुर्नर मध्ये पडला आणि हे प्रश्न खटल्याशी संबंधित नाहीत म्हणून थांबवले. आजही बलात्काराच्या खटल्यात बचावाचे वकील हेच विचारू पाहतात, आणि कायद्याने मनाई असूनही काही न्यायाधीश त्यांना थांबवत नाहीत. टुर्नरने १४८५ मध्ये थांबवलं होतं, हे मी आमच्या बार रूममध्ये मुद्दाम सांगत असे.

मग बायकांच्या बाजूने योहान मेरवाइस उभा राहिला. तो धर्मकायद्याचा पदवीधर होता आणि वैद्यही होता. चेटूक खरं की खोटं या वादात तो पडलाच नाही. त्याने प्रक्रियेवर बोट ठेवलं: आरोप कलमवार लिहून दिलेले नाहीत, अटक करण्याआधी पाळायचे नियम पाळलेले नाहीत, कागद नीट तयार नाहीत, म्हणून सगळी कार्यवाही रद्द समजावी. ३ नोव्हेंबरला टुर्नरने ती रद्द केली. बायका जामिनावर घरी गेल्या. ब्रिक्सेनचा बिशप गेओर्ग गोल्सर याने क्रामरला पत्र लिहून इथून जा असं कळवलं, आणि दुसऱ्या एका पत्रात हा म्हातारपणाने पोरकट झाला आहे असा शेराही मारला.

मेरवाइसचं नाव फार कोणाला ठाऊक नाही. माझ्या मते त्या काळातला तो सर्वांत कामाचा वकील. चेटकीण नसते असं त्या भरल्या सभागृहात तो म्हणाला असता, तर बायकांबरोबर तोही गेला असता. त्याने एवढंच विचारलं की कागद कुठे आहे.

क्रामर इन्सब्रुक सोडून गेला आणि लिहायला बसला. वर्षभरात पुस्तक छापून तयार होतं. मुखपृष्ठावर पुढे श्प्रेंगरचंही नाव येऊ लागलं, पण ते बहुतेक एकट्या क्रामरचंच लिखाण असावं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. तिसऱ्या भागातली एकेक तरतूद आता इन्सब्रुकचा निकाल समोर ठेवून वाचून बघा. साक्षीदार कोण चालतील? बहिष्कृत, बदनाम, गुन्ह्यात सामील असलेले, सगळे चालतील. फक्त आरोपीचा हाडवैरी चालणार नाही. साक्षीदारांची नावं आरोपीला सांगायची नाहीत. वकील आरोपीने निवडायचा नाही. तिने मागितला तर न्यायाधीशाने द्यायचा, आणि तो भांडखोर नसावा. त्या वकिलाने बचाव जरा जास्त जोरात केला, तर तो पाखंडाला साथ देणारा ठरतो आणि आरोपीपेक्षाही जास्त दोषी होतो. म्हणजे मेरवाइस पुन्हा उभा राहायलाच नको.

छळाचा नियम तर अस्सल वकिली डोक्यातला आहे. नवा पुरावा आल्याशिवाय छळाची पुनरावृत्ती करता येत नाही, हा जुना नियम क्रामर मान्य करतो. मग म्हणतो, पण तो दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवता येतो. पुनरावृत्ती नको, सातत्य चालेल. आणखी एका ठिकाणी, कबुलीच्या बदल्यात जीवदान देण्याचं वचन न्यायाधीशाने द्यावं की नाही याची चर्चा आहे. एक मत असं नोंदलं आहे की वचन बेलाशक द्यावं, आणि शिक्षा सुनावायच्या वेळी तिथे दुसरा न्यायाधीश बसवावा. वचन देणाऱ्याने वचन मोडलं नाही! हे वाचून मी पुस्तक मिटून चहा करायला उठले होते. आमच्याकडे अशा युक्तीला 'कागद पक्का केला' म्हणतात.

संग्राहकांसाठी हे पुस्तक आज फार मोलाचं आहे. युरोपात १५०१ च्या आधी छापलेली पुस्तकं हा संग्राहकांचा वेगळाच वर्ग आहे, आणि 'मॅलियस'च्या सुरुवातीच्या आवृत्त्या त्यात बसतात. श्पायरची पहिली आवृत्ती मोठ्या आकाराची, दोन स्तंभांत काळ्या जाड अक्षरांत छापलेली. तिला पुढे पोपचं फर्मान आणि १४८७ चं कलोनच्या धर्मपंडितांचं मान्यतापत्र जोडण्यात आलं. ही मान्यता सगळी खरी होती का, यावर अभ्यासकांत वाद आहे. जुन्या पुस्तकांचे व्यापारी म्हणूनच आधी हीच पानं तपासतात: फर्मान आहे का, मान्यतापत्र आहे का, नंतरच्या बांधणीत काही गळालं आहे का. न्यूरेनबर्गच्या आंटोन कोबर्गरच्या १४९४ आणि १४९६ च्या आवृत्त्याही हव्याहव्याशा मानल्या जातात. हा कोबर्गर साधा मुद्रक नव्हता. १४९३ मध्ये शेकडो चित्रांचा तो प्रसिद्ध 'न्यूरेनबर्ग वृत्तांत' त्यानेच छापला होता. जगाचा इतिहास आणि बायका जाळण्याचा कायदा, दोन्ही एकाच छापखान्यातून वर्षाच्या आत बाहेर पडले.

या आवृत्त्यांचा क्रम पाहिला की बाजाराची नाडी कळते. १५२० पर्यंत डझनभराहून जास्त आवृत्त्या निघाल्या. मग पन्नासएक वर्षं कोणी छापलंच नाही. १५७४ पासून पुन्हा सपाटा लागला, आणि १६६९ ची लियॉंची आवृत्ती शेवटची ठरली. आकारही लहान होत गेला. टेबलावर उघडून वाचायचं पुस्तक हळूहळू खिशात मावू लागलं. प्रवासात असणाऱ्या न्यायाधीशाला तेच सोयीचं. आमच्या काळात फौजदारी मेजर ॲक्ट्सची छोटी आवृत्ती काळ्या कोटाच्या खिशात ठेवायची पद्धत होती, म्हणून हा तपशील माझ्या मनात चिकटून बसला.

मात्र पुस्तकाने सगळं केलं असं म्हणणं मला पटत नाही. चेटकिणी जाळण्याचा सर्वांत भयंकर काळ साधारण १५६० ते १६५० चा. म्हणजे पुस्तक निघाल्यावर पाऊण शतकाने तो सुरू झाला. त्याच काळात विरोधीही लिहीत होते. योहान वायर या वैद्याने १५६३ मध्ये लिहिलं की ज्या म्हाताऱ्या कबुली देतात त्या आजारी आहेत. जेझुइट पाद्री फ्रीडरिख श्पे याने १६३१ मध्ये नाव न घालता 'काउत्सिओ क्रिमिनालिस' छापलं. शिक्षा झालेल्या बायकांजवळ अखेरच्या प्रार्थनेला बसणारा हा माणूस. त्याचा मुद्दा सरळ होता: असा छळ कोणाचाही केला तर कोणीही चेटकीण ठरेल, बिशपही ठरेल. वकिलांनी श्पे वाचावा असं मी सांगत असते. तो भावनेने लिहीत नाही, एकेक पायरी धरून आरोपीच्या सुटकेची वाट कुठे कुठे बंद केली आहे ते दाखवतो. क्रामरला मिळालेलं नेमकं उत्तर तेच.

हे सगळं मालव्यात कधी पोचलं नाही. इथे लॅटिन वाचणारं कोणी नव्हतं, आणि इथे कोणाला पुस्तकाची गरजही पडली नाही.

शेजारच्या कोट्याचा कारभारी जालिमसिंह (झाला राजपूत) याचं नाव मराठी घरांत नवं नाही. शिंदे-होळकरांना खंडणी देऊन, बोलाचाली करून त्याने कोटा अर्धशतक सांभाळलं. त्याच्या दरबारात मराठ्यांचे वकील म्हणून गुळगुळे घराणं होतं, आणि त्यांच्या दप्तरातले कागद पुढे आनंदराव भाऊ फाळके यांनी 'शिंदेशाहीच्या इतिहासाची साधने' म्हणून छापले. हुशार, कर वसुलीत पक्का, इंग्रज आल्यावर सर्वांत आधी तह करणाऱ्यांतला. हाच जालिमसिंह डाकणींच्या मागे लागलेला होता. विल्यम क्रूक या सनदी अधिकाऱ्याने उत्तर हिंदुस्थानच्या लोकधर्मावर १८९४ मध्ये अलाहाबादेत पुस्तक छापलं, पुढे १८९६ मध्ये त्याची दोन खंडांची आवृत्ती काढली. त्यात जालिमसिंहाच्या डाकण ओळखायच्या परीक्षा दिल्या आहेत.

लाल तापवलेले लोखंडी गोळे हातात द्यायचे, ही जुनी परीक्षा त्याने नाकारली. कारण त्याच्या मते डाकणींकडे अशी काही द्रव्यं असतात की त्यांचे हात भाजत नाहीत. आता 'मॅलियस'चा तिसरा भाग उघडा. फ्यूर्स्टेनबर्गच्या जहागिरीतल्या एका बाईची हकीकत क्रामर देतो. तिने स्वतःच तप्त लोखंड मागितलं, तीन पावलं चालायचं असताना सहा चालली, आणखी चालते म्हणाली, आणि सुटली. क्रामर यावर चिडतो. त्याच्या मते सैतानाला वनस्पतींचे गुण ठाऊक असतात, तो हात भाजू देत नाही, म्हणून ही परीक्षा चेटकिणींना देऊच नये. तीनशे वर्षांचं आणि हजारो कोसांचं अंतर. एक कॅथलिक साधू, एक राजपूत कारभारी. युक्तिवाद एकच: निर्दोष ठरायची वाट उघडी असेल तर ती वाटच खोटी.

डोळ्यांचंही तसंच. चेटकिणीला रडू येत नाही, असं क्रामर सांगतो. न्यायाधीशाने तिला येशूच्या अश्रूंची शपथ घालून रडायला सांगावं. खरी चेटकीण असेल तर ती गालाला थुंकी लावून सोंग करेल. आणि ती खरंच रडली तर? तर बायकांना रडण्याची कला असतेच, सैतानानेही रडू दिलं असेल. क्रूक लिहितो की जालिमसिंहाच्या राज्यात सर्वांत सौम्य परीक्षा म्हणजे डोळ्यांत सुकी मिरची चोळणं. पाणी आलं नाही तर डाकण. आणखी एक परीक्षा होती, मिरच्यांची थैली डोक्यावरून बांधायची. बाई गुदमरली नाही तर तो तिच्याविरुद्ध पुरावा.

आणि तिसरी पाण्याची. तळ्यात टाकायचं. बुडाली तर निर्दोष, वर आली तर डाकण. ही परीक्षा क्रामरच्या पुस्तकात नाही. पाद्र्यांनी अशा दिव्यांत भाग घेऊ नये असं चर्चनेच १२१५ मध्ये ठरवलं होतं. पण पुढे युरोपातल्या गावांत लोक ती करू लागले आणि नंतर इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या पहिल्या जेम्सने तिचं समर्थनही लिहून ठेवलं. कोट्यात ती कोणी शिकवली नव्हती.

पाण्यावर तरंगणं ही हाटपिपल्याच्या माणसासाठी मोठी शुभ गोष्ट आहे, म्हणून इथे थोडं थांबते. आमच्या नृसिंह मंदिरातली दगडी मूर्ती भाद्रपदातल्या डोल ग्यारसला भमोरी नदीत सोडतात. साडेसात किलोची म्हणतात. पुजारी तीनदा सोडतो. तीनदा तरंगली तर वर्ष चांगलं, कमी तरंगली तर त्या प्रमाणात अडचणीचं. देवासपासून माणसं येतात, नदीकाठी पाय ठेवायला जागा नसते. माझ्या सासूबाई तर मूर्ती वर दिसली की मोठ्याने नाव घेत. मीही उभी राहून पाहिलेलं आहे, हात जोडले आहेत, आणि त्याच नदीकाठावर क्रूकचं पान आठवून अवघडलेही आहे. दगड तरंगला तर देव, बाई तरंगली तर डाकण. पाणी न्याय करतं ही समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे. एकीकडे निकाल गावासाठी असतो आणि कोणाच्या जिवावर येत नाही, एवढा फरक मला पुरेसा वाटतो. शेजारच्या गुरुजींना तो वाटत नाही. आमचा वाद अजून संपलेला नाही.

पुण्याकडच्या वाचकांनी हे सगळं राजपूत आणि भिल्लांवर ढकलून मोकळं होऊ नये. पेशव्यांच्या रोजनिशींवर १९०० मध्ये निबंध लिहिताना न्यायमूर्ती रानड्यांनी चेटूक करणाऱ्यांना सरकारातून झालेल्या शिक्षांची दखल घेतली आहे. चेटूक हा गुन्हा आहे आणि तो सरकारने शोधायचा आहे, हे पेशवाईलाही मान्य होतं.

मालव्यात या गोष्टीवर पहिल्यांदा नीट लिहिणारा म्हणजे इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला, आणि त्याच वर्षी देवासच्या दोन्ही पात्यांशी इंग्रजांनी करार केले. माल्कम महूला मुक्काम ठोकून बसला आणि सगळ्या मुलखाची माहिती गोळा करू लागला. १८२२ मध्ये कलकत्त्यात त्याचा मालव्यावरचा अहवाल छापला, १८२३ मध्ये लंडनहून 'मेमॉयर ऑफ सेंट्रल इंडिया' दोन खंडांत निघालं. डाकणीवरचा विश्वास लहानथोर सगळ्यांत आहे आणि नुसत्या संशयावरून बायका मारल्या जातात, हे त्याने मालव्याच्या त्या वर्णनात नोंदून ठेवलं. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि पुस्तक गाजलं ते त्यातल्या मराठे आणि पेंढाऱ्यांच्या इतिहासामुळे.

आमच्या घरी या पुस्तकाचे दोन खंड होते. मामंजींनी ते देवासला एका लिलावात घेतले. जुन्या सरदार घराण्यांची कपाटं रिकामी होत होती तेव्हाची गोष्ट. पुस्तकाच्या नावातच मूळ नकाशा, महसुलाचे आणि लोकसंख्येचे तक्ते, भूगर्भाचा अहवाल यांची जाहिरात आहे. आमच्या प्रतीतला नकाशा कोणीतरी ब्लेडने कापून नेला होता. मामंजी ते पाहून म्हणाले होते, 'सूनबाई, नकाशा नेला पण मुलूख इथेच आहे ना?' जुन्या पुस्तकांच्या बाजारात नकाशासह प्रत आणि नकाशाविना प्रत यांच्या किमतीत खूप अंतर पडतं, हे त्यांना माहीत होतं आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती.

संग्राहकांची एक गंमत मला कळत नाही, किंवा कळते पण पटत नाही. माल्कमचं पुस्तक कोण विकत घेतं? इतिहासाचे अभ्यासक, संस्थानी घरांतले वारस, नकाशांचे व्यापारी. 'मॅलियस' कोण घेतं? गूढविद्येचे शौकीन, जादूच्या पुस्तकांचे संग्राहक, श्रीमंत. १९२८ मध्ये लंडनच्या जॉन रॉडकरने पहिलं संपूर्ण इंग्रजी भाषांतर काढलं. भाषांतरकार मॉंटेग्यू समर्स हा पाद्र्याचा वेश करून हिंडणारा विक्षिप्त माणूस होता, चेटकिणींवर आणि रक्तपिपासू प्रेतांवर त्याचा मनापासून विश्वास होता, आणि प्रस्तावनेत तो क्रामरची स्तुती करतो. त्या आवृत्तीच्या मोजक्याच क्रमांकित प्रती निघाल्या, आता त्याही दुर्मीळ. माझं स्वस्त पुनर्मुद्रण त्याच भाषांतराचं. काटेकोर भाषांतर हवं असेल तर ख्रिस्तोफर मॅके याचं, २००६ मध्ये केंब्रिजने लॅटिन मुळासह छापलेलं, तेच वाचावं. ते कोणी दिवाणखान्यात मिरवत नाही.

मेवाडचे महाराणा स्वरूपसिंह यांनी १८५३ मध्ये डाकण ठरवून छळ करणं बेकायदा ठरवलं. इंग्रज अधिकाऱ्यांचा दबाव होताच. युरोपात स्वित्झर्लंडच्या ग्लारुसमध्ये आन्ना ग्योल्डी या मोलकरणीला १७८२ मध्ये शेवटच्यांपैकी एक म्हणून मृत्युदंड झाला होता, तेव्हा कोट्यात जालिमसिंह कारभारावर होता. म्हणजे दोन्हीकडचे शेवट फार लांब नाहीत. एवढंच की इथे कागदावर संपलं आणि जंगलात चालू राहिलं.

बागली तहसिलीचा घाट उतरला की उदयनगर, पुंजापुरा, मग नर्मदेच्या दिशेने भिल्ल, बारेला आणि कोरकूंची गावं. धारचा कुक्षीकडचा पट्टा, झाबुआ, अलिराजपूर इथेही तेच. मूल दगावलं, बैल मेला, की माणसं बडव्याकडे, म्हणजे भगताकडे, जातात. तो सुपात ज्वारीचे दाणे टाकून पाहतो आणि नाव सांगतो, किंवा नाव न सांगता घराची दिशा सांगतो, मग बाकीचं गाव पूर्ण करतं. इथे साक्षीदार नाहीत, वकील नाही, कलमवार आरोप नाहीत. मेरवाइसला पकडायला एकही कागद नाही. क्रामरच्या कोर्टात वाट बंद केलेली होती, पण निदान कोर्ट होतं.

आमच्याकडे हे प्रकरण पोचतं ते ठाण्यात. पूर्वी एफआयआरवर ठरलेली कलमं पडत: २९४, ३२३, ५०६, ३४. शिवीगाळ, मारहाण, धमकी, समान हेतू. बाई मेली तर ३०२. जुलै २०२४ पासून न्याय संहितेत आकडे बदलले, कलमांचा अर्थ तोच राहिला. 'डाकण' हा शब्द फिर्यादीच्या मजकुरात असतो, कलमात कुठेच नसतो, आणि आरोपपत्र तयार होईपर्यंत बहुतेक वेळा मजकुरातूनही गळतो. मग तो आपसातल्या भांडणाचा खटला होतो. राजीनामा, म्हणजे तडजोड, होतो. बाई त्याच गावात परत जाते, किंवा जात नाही.

मध्य प्रदेशात यासाठी वेगळा कायदा नाही. गंमत अशी की २००० मध्ये आमच्यातून फुटून निघालेल्या छत्तीसगडने २००५ मध्येच टोनही (म्हणजे डाकण) प्रताडनेचा कायदा केला, राजस्थानने २०१५ मध्ये केला. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं लावून धरलेला कायदा त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या खुनानंतर आधी वटहुकमाने आणि डिसेंबरात विधिमंडळातून आला. सातपुड्यात नंदुरबारच्या अक्कलकुवा, धडगाव भागात डाकीण ठरवलेल्या बायकांसाठी अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते तो वापरतात. नर्मदेच्या अलीकडे आम्ही अजून साध्या मारहाणीच्या कलमावर आहोत. विशेष कायद्याने खून थांबतात असं मी म्हणत नाही. पण ठाण्यातल्या मुन्शीला तो शब्द कलमात लिहावा लागतो, आणि एकदा लिहिला की राजीनाम्याने पुसता येत नाही. मेरवाइसलाही दुसरं काय हवं होतं?

'मॅलियस'च्या त्या तिसऱ्या भागात आरोपीच्या बाजूने एकच दार थोडंसं किलकिलं ठेवलं आहे, आणि बहुधा जुन्या धर्मकायद्यामुळे क्रामरला ते पूर्ण बंद करता आलं नाही. न्यायाधीशाने आरोपीला विचारावं, तुझे हाडवैरी कोण? तिने घेतलेल्या नावांत साक्षीदाराचं नाव निघालं, तर त्या साक्षीला किंमत कमी. तेही तिला साक्षीदार कोण हे न सांगता, अंधारात विचारायचं, म्हणजे तिला निशाणा लागू नये. तरीही प्रश्न योग्य होता.

बागलीत माझ्याकडे येणाऱ्या ज्युनिअरांना मी डाकणीच्या प्रकरणात एफआयआरच्या नकलेआधी पटवाऱ्याकडे पाठवत असे. खसरा आणि बी-१, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यांची, नक्कल आण, बाई विधवा आहे का ते बघ, तिच्या नावावर किती बिघे आहेत ते बघ, तिच्या मागे हक्क कोणाला लागतो ते बघ, आणि तहसीलात नामांतरणाचा, म्हणजे फेरफाराचा, अर्ज पडला आहे का, पडला असेल तर तो बडव्याने दाणे पाहायच्या आधीचा की नंतरचा, ती तारीख लिहून आण.